चार गॅलनचा डबा

१५ ऑक्टोबर १९३२, शनिवार. सकाळी सहा वाजून पस्तीस मिनिटांनी कराचीच्या ड्रिग रोड विमानतळावरून पस मॉथ जातीचे एक लहानसे विमान उडाले. विमानात माणूस एकच होता, अठ्ठावीस वर्षांचे जहांगीर रतनजी दादाभाई टाटा, म्हणजे जेआरडी. सोबत ५५ रत्तल (पौंड) टपाल, म्हणजे आजच्या हिशेबाने २५ किलो. दुपारी एक वाजून पन्नास मिनिटांनी हे विमान जुहूच्या मैदानावर टेकले आणि भारतीयांनी चालवलेल्या हवाई टपालसेवेला सुरुवात झाली. पुढचा टप्पा नेव्हिल व्हिन्सेंट या वैमानिकाचा होता. टपाल घेऊन ते बेल्लारीमार्गे मद्रासला निघाले.

ही गोष्ट आपण शाळेत वाचलेली असते. तिच्यातला एक तपशील मात्र माझ्या मनात घर करून राहिला आहे. वाटेत अहमदाबादला विमान पेट्रोल भरायला थांबले, तेव्हा ते पेट्रोल बैलगाडीतून आले. बर्मा शेल कंपनीचे पत्र्याचे डबे होते, प्रत्येक डबा चार गॅलनचा.

त्या बैलगाडीपाशी जरा थांबायला हवे. एका बाजूला जोखडाखाली उभी बैलजोडी, दुसऱ्या बाजूला सव्वाशेच्या आसपास अश्वशक्तीचे इंजिन, आणि मधे तो डबा. बैलाची ताकद, कागदावरच्या घोड्याची ताकद आणि डब्यात कोंडलेली आग या तिघांना एकाच मापाने मोजता येते, हे तेव्हा जेमतेम ऐंशी-नव्वद वर्षांपूर्वी कळलेले सत्य होते. मोजायचे कोणत्या मापाने, यावर मात्र जगाचे एकमत नव्हते. इंग्रजी अंमलात ते माप गॅलन, रत्तल, फूट आणि फॅरनहाइट यांतून तयार झालेले होते. युरोपात लिटर, किलो, मीटर आणि सेंटिग्रेडची मापे रुळली होती. जुहूच्या मैदानाने ही दोन्ही राज्ये पाहिली. त्यातले पहिले अजून पुरते गेलेले नाही, हेच मला या लेखात सांगायचे आहे.

आधी डबाच मोजू. इंग्रजी गॅलन ४.५४६ लिटरचा, म्हणून चार गॅलन म्हणजे १८ लिटरहून किंचित जास्त. एक लिटर पेट्रोल जळले की सुमारे ३३ मेगाज्यूल उष्णता मिळते. तेव्हा एका डब्यात साधारण ६०० मेगाज्यूल होते. त्या काळच्या इंग्रज इंजिनिअरने हाच आकडा ५ लाख ७० हजार ब्रिटिश थर्मल युनिट, म्हणजे बीटीयू, असा लिहिला असता. फ्रेंच किंवा जर्मन इंजिनिअरने १ लाख ४३ हजार किलोकॅलरी लिहिले असते. मुंबईतल्या गिरणीच्या इंजिनघरातल्या माणसाने अश्वशक्ती-तासांत सव्वादोनशे म्हटले असते. आणि आजच्या गृहिणीला सांगायचे तर विजेची १६७ युनिटे. पेट्रोल तेच, आगही तेवढीच. त्यातला जेमतेम चौथा हिस्सा विमानाच्या पंख्यापर्यंत पोचत होता, बाकीचा धुरावाटे आणि गरम हवेवाटे निघून जात होता. तरी तेवढ्या शिदोरीवर ते विमान ताशी शंभर मैलांनी जुहूपर्यंत आले.

चार गॅलनचा हा डबा पुढे आपल्या घराघरांत शिरला. रॉकेल त्यातूनच येई. रिकामा झाला की त्यात पाणी भरले जाई, धान्य ठेवले जाई, आणि पत्रा कापून झोपडीचे छप्पर शाकारले जाई. किराणा दुकानात तेलाचा चौकोनी डबा दिसतो, ज्यात १५ किलो तेल मावते, तोही अठरा लिटरच्या घडणीचा आहे. अठरा हा आकडा दशमान पद्धतीत कुठून आला, असा प्रश्न कुणाला पडला तर त्याचे उत्तर चार गॅलन हे आहे.

जुहूला तेव्हा धावपट्टी म्हणावी असे काही नव्हते. १९२८ मध्ये इथे देशातला पहिला नागरी विमानतळ झाला आणि त्याच वर्षी मुंबईचा फ्लाइंग क्लबही सुरू झाला. पण जमीन खाडीच्या चिखलाची. टाटांच्या विमानखात्याचे बिऱ्हाड म्हणजे झावळ्यांनी शाकारलेली एक शेड. पावसाळ्यात मैदान पाण्याखाली जाई, म्हणून ते चार महिने सगळा कारभार पुण्याला येरवड्याकडे हलवावा लागे. तशा अवस्थेत पहिल्या वर्षात या मंडळींनी १ लाख ६० हजार मैल उड्डाण केले, १५५ प्रवासी आणि दहा टनांच्या आसपास टपाल नेले, आणि ६० हजार रुपये नफा मिळवला. मैल, टन, गॅलन, रत्तल, आणा, पै: हिशेबाच्या वहीत एकही आकडा दहाच्या पटीत सरकणारा नव्हता. त्याच १९३२ साली मुंबई इलाख्याने वजनमापांचा स्वतःचा कायदा केला, कारण गावागावाचा शेर वेगळा आणि पायली वेगळी होती. विमान एका दिवसात कराचीहून जुहूला येत होते, पण कराचीचा शेर मुंबईच्या शेराला जुळेलच अशी खात्री नव्हती.

घोड्याची गोष्ट इथेच सांगून टाकतो. जेम्स वॉटने वाफेचे इंजिन सुधारले ते अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात. त्याचे गिऱ्हाईक होते ते चक्की ओढायला घोडे बाळगणारे कारखानदार. इंजिन घेतले तर किती घोडे वाचतील, हे त्यांना सांगणे भाग होते. वॉटने हिशेब बांधला: एक घोडा एका मिनिटात ३३,००० फूट-पौंड काम करतो, म्हणजे सेकंदाला ५५० रत्तलांचे ओझे एक फूट वर उचलतो. अश्वशक्ती जन्मली ती अशी विक्रीच्या बोलीतून. आपल्याकडे घोड्याऐवजी मोटेचा बैल घेऊन हे माप ठरले असते तर ते अधिक शहाणपणाचे झाले असते असे मला वाटते, कारण विहिरीच्या धावेवर उतरणारी जोडी दिवसभर खरोखरच पाणी वर उचलत असे आणि मोटेतले पाणी मोजता येत असे. पण माप ठरले इंग्लंडात. युरोपातल्या दशमान देशांनी मग आपला वेगळा घोडा केला. सेकंदाला ७५ किलोचे ओझे एक मीटर उचलणारा हा घोडा इंग्रजी घोड्याहून थोडा अशक्त निघाला. इंग्रजी घोडा ७४६ वॅटचा, दशमान घोडा सातशे साडेपस्तीस वॅटचा, म्हणजे ७३५.५. गाड्यांच्या जाहिरातींत कधी बीएचपी आणि कधी पीएस असे लिहिलेले असते ते या दोन घोड्यांमुळे.

उष्णता आणि काम हे एकच आहे, हे मँचेस्टरच्या जेम्स ज्यूलने १८४० च्या दशकात मोजून दाखवले. एक रत्तल पाणी एक अंश फॅरनहाइटने तापवायला लागणारी उष्णता म्हणजे एक बीटीयू. ज्यूलने ती ७७२ फूट-पौंड कामाएवढी ठरवली. आजचा नेमका आकडा ७७८ आहे. वजने सोडून दोऱ्यांनी पाण्यातले वल्हे फिरवणाऱ्या माणसाचा आकडा इतका जवळ यावा, याचे कौतुक वाटते.

याचा प्रत्यक्ष पडताळा आपल्या सह्याद्रीत आहे. लोणावळ्याच्या तलावांचे पाणी नळांतून सुमारे सतराशे फूट खाली खोपोलीला उतरते. टाटांच्या जलविद्युत कंपनीने ८ फेब्रुवारी १९१५ रोजी तिथली वीज मुंबईच्या गिरण्यांसाठी सुरू केली. ते पाणी नुसतेच खाली कोसळले असते तर पडण्याच्या जोराने किती तापले असते? सतराशेला ७७८ ने भागा, दोन अंश फॅरनहाइटहून थोडे जास्त. दशमानात तोच हिशेब ४२७ मीटरला एक अंश सेंटिग्रेड, म्हणून इथे सव्वा अंशाच्या आसपास. जेमतेम हाताला कळेल न कळेल एवढी ऊब, आणि तिच्यावर गिरण्यांचे साचे फिरले. पुढे याच साखळीतल्या मुळशीच्या धरणासाठी शेतकऱ्यांच्या जमिनी पाण्याखाली गेल्या आणि सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली मुळशीचा सत्याग्रह झाला. फूट-पौंडांच्या हिशेबात त्या गावांची नावे नाहीत, म्हणून इथे त्यांची आठवण करतो.

वीज आली आणि तिने एक मोठा बदल केला. तो फारसा कुणी सांगत नाही. व्होल्ट, अँपिअर, वॅट ही मापे आंतरराष्ट्रीय परिषदांत ठरली, आणि ठरली ती दशमान पायावर. इंग्लंड घरात रत्तल आणि गॅलन वापरत राहिले, पण विजेचे मीटर बसवताना त्यालाही वॅटच घ्यावा लागला. १,००० वॅट एक तास चालले की एक ‘बोर्ड ऑफ ट्रेड युनिट’. ब्रिटिश सरकारच्या खात्याचे नाव लावलेले हे एकक आतून पूर्णपणे दशमान होते. आपल्या तोंडातले ‘युनिट’ तेच. बॉम्बे सबर्बन इलेक्ट्रिक सप्लाय कंपनी १९२९ मध्ये स्थापन झाली आणि उपनगरांत, जुहू-विलेपार्ल्यापर्यंत, वीज देऊ लागली. तिच्या गिऱ्हाइकांनी किलो पाहण्यापूर्वी तीसेक वर्षे किलोवॅट पाहिला. शेर-मणाच्या राज्यात दशमान पद्धत पहिल्यांदा घरात शिरली ती विजेच्या तारेतून. एका युनिटचे बीटीयू होतात ३,४१२, कॅलरीच्या हिशेबात ८६० किलोकॅलरी, आणि ज्यूलच्या हिशेबात सरळ ३६ लाख.

तराजूचा बदल मात्र स्वातंत्र्यानंतरच झाला. चिंतामणराव देशमुख अर्थमंत्री असताना १९५५ मध्ये नाण्यांच्या कायद्यात दुरुस्ती झाली आणि १ एप्रिल १९५७ पासून नवे पैसे आले. त्या दिवसांत दुकानांत कोष्टके टांगलेली असत: एका आण्याचे सहा नवे पैसे, दोन आण्यांचे बारा, तीन आण्यांचे एकोणीस, चार आण्यांचे पंचवीस. सोळा आण्यांचा रुपया शंभरात बसवताना आण्याला सव्वासहा येत होते, त्याची ही तडजोड. वजनमापांचा कायदा १९५६ च्या डिसेंबरात झाला. १९५८ च्या ऑक्टोबरात ठरावीक भागांत किलो सुरू झाला, आणि टप्प्याटप्प्याने १ एप्रिल १९६२ पर्यंत देशभर शेर, मण, रत्तल व्यवहारातून गेले. पेट्रोल पंपावर गॅलन जाऊन लिटर आला. ज्या देशात शेकडो स्थानिक मापे होती आणि लोकांपैकी बहुसंख्यांना लिहिता-वाचता येत नव्हते, त्या देशाने हे काम सहा वर्षांत केले. इंग्लंडने ते अजून अर्धवट ठेवले आहे आणि अमेरिकेने मनावरच घेतलेले नाही. आपल्या स्वातंत्र्याच्या पहिल्या पंधरा वर्षांतल्या मोठ्या कामगिऱ्यांत मी याची गणना करतो, आणि ती पाठ्यपुस्तकांत एका ओळीत उरकली जाते याचे मला वाईट वाटते.

हा बदल यशस्वी झाला तो तराजूमुळे. निरीक्षक दुकानात येऊन जुनी वजने जप्त करू शकत होता, नव्या वजनावर शिक्का मारू शकत होता. शेराचे वजन लोखंडाचे होते, ते उचलून नेता येत होते. उष्णतेचे वजन कुणाच्या दुकानात होते? अश्वशक्तीचा शिक्का कुठल्या लोखंडावर मारणार? त्यामुळे ऊर्जेची इंग्रजी मापे ज्या त्या धंद्याच्या कोपऱ्यात तशीच राहून गेली. शिवाय दशमान बाजूलाही घर एक नव्हते. विज्ञानाच्या वर्गात तेव्हा कॅलरीचे राज्य होते, तर १९४८ मध्येच आंतरराष्ट्रीय मापपरिषदेने उष्णतेसाठी ज्यूल स्वीकारला होता. आपल्याकडे १९७६ चा वजनमापांचा नवा कायदा आंतरराष्ट्रीय एसआय पद्धतीवर बेतला गेला. आहारातल्या उष्मांकांना मात्र ज्यूल काही शिवला नाही. भाकरीत किती उष्मांक, हे आपण आजही कॅलरीतच बोलतो.

१९६२ हे वर्ष जुहूसाठी लक्षात ठेवण्यासारखे आहे. एप्रिलमध्ये शेर-रत्तल कायद्याने संपले. त्याच वर्षी जेआरडींनी, अठ्ठावन्नाव्या वर्षी, लेपर्ड मॉथ विमानातून आपले कराची-मुंबई उड्डाण पुन्हा करून दाखवले. आणि त्याच वर्षी जुहूच्या किनाऱ्यावर सन-एन-सँड हॉटेल उघडले. या हॉटेलाच्या पाठोपाठ जुहूच्या घरांत वातानुकूलन यंत्रे आली आणि त्यांच्यासोबत एक जुने इंग्रजी माप नव्याने आले. ते माप म्हणजे टन.

दीड टनाचा एसी घेताना तो टन कशाचा, असे विचारले तर दुकानदार सहसा वजनाकडे हात करतो. तो टन बर्फाचा आहे. यंत्राने थंडावा तयार होण्यापूर्वी अमेरिकेच्या मॅसॅच्युसेट्स भागातल्या गोठलेल्या तलावांतून बर्फ कापून, भुशात गुंडाळून, जहाजांनी दूरदूर पाठवत. १८३० च्या दशकात तो मुंबईच्या बंदरातही उतरला. पुढे बर्फाची जागा यंत्राने घेतली तेव्हा यंत्राची क्षमता बर्फातच सांगणे ओघाने आले. २,००० रत्तल बर्फ चोवीस तासांत वितळताना जितकी उष्णता शोषतो तितकी शोषणारे यंत्र एक टनाचे. एक रत्तल बर्फ वितळायला १४४ बीटीयू लागतात. दोन हजाराने गुणा, चोवीसने भागा, तासाला बरोबर १२,००० बीटीयू. वॅटमध्ये ३,५१७.

शाळेत आपण हाच आकडा ८० म्हणून शिकलो: एक ग्रॅम बर्फाला ८० कॅलरी. १४४ आणि ८० यांचे नाते साधे आहे. बीटीयू हा एका रत्तलाला एका फॅरनहाइट अंशाचा आहे, कॅलरी एका ग्रॅमला एका सेंटिग्रेड अंशाची. ‘दर रत्तलाला इतके बीटीयू’ आणि ‘दर ग्रॅमला इतक्या कॅलरी’ म्हटले की वजन दोन्हीकडे कटते आणि उरतो फक्त अंशांचा फरक, १.८. ऐंशी गुणिले १.८ म्हणजे १४४. चौपाटीवरच्या गोळेवाल्याच्या लादीपासून दगडी कोळशापर्यंत, वजनामागे उष्णता सांगितली असेल तिथे ही एकच किल्ली चालते. हे ज्या दिवशी कळते त्या दिवशी रूपांतराच्या लांबलचक कोष्टकांची भीती जाते, असा माझा अनुभव आहे.

या मापाचा रोजच्या पैशाशी संबंध आहे. दीड टनाचा एसी खोलीतली उष्णता ताशी १८,००० बीटीयू, म्हणजे ५.३ किलोवॅट या वेगाने बाहेर टाकतो, पण त्यासाठी वीज खातो ती त्याच्या तिसऱ्या-चौथ्या हिश्शाएवढी. टन हे एक माप आणि वीजबिल दुसऱ्या मापात, म्हणून गिऱ्हाइकाला भागाकार करताच येत नाही. तोच भागाकार करून सरकारच्या ऊर्जा दक्षता ब्युरोने २००६ पासून तारे चिकटवायला सुरुवात केली. तारे चांगलेच, पण भागाकार स्वतःला यावा हे अधिक चांगले.

शहराबाहेर पडले की घोडा भेटतो. महाराष्ट्रातला शेतकरी मोटर किलोवॅटमध्ये मागत नाही, तो तीन, पाच, साडेसात एचपीची मागतो. राज्याने २०२४ मध्ये जाहीर केलेली मोफत विजेची बळीराजा योजनाही साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या पंपांसाठी आहे. म्हणजे वीज कुणाला फुकट मिळणार आणि कुणाला नाही, याची रेघ आज मराठी शेतात जेम्स वॉटच्या घोड्याने आखली जाते. साडेसात घोडे म्हणजे ५.६ किलोवॅट. मोट गेली, बैल गेले, घोडा राहिला.

आता पुन्हा जुहूच्या मैदानाकडे यायला हवे. दुसऱ्या महायुद्धानंतर मोठी विमाने शेजारच्या सांताक्रूझला गेली आणि जुहू मागे पडले. १९७४ च्या फेब्रुवारीत ‘सागर सम्राट’ या जहाजाने मुंबईपासून १६० किलोमीटरवर अरबी समुद्रात तेल शोधले. बॉम्बे हाय. १९७६ पासून उत्पादन सुरू झाले. समुद्रातल्या त्या फलाटांवर माणसे पोचवायची तर हेलिकॉप्टर हवे, आणि हेलिकॉप्टरला जागा हवी. ती जुहूने दिली. १९८५ मध्ये स्थापन झालेल्या पवन हंसची हेलिकॉप्टरे इथूनच ओएनजीसीच्या माणसांना घेऊन समुद्राकडे झेपावू लागली. ज्या मैदानावर बैलगाडीतून भरलेले पेट्रोल घेऊन विमान उतरले होते, तिथून देशाच्या स्वतःच्या तेलाकडे जाणारी वाट निघाली.

वैमानिकाला हा प्रवास समुद्री मैलांत सांगितला जातो, ८६ च्या आसपास. उंची फुटांत. इंधन मात्र वजनात, आणि त्याला कारण आहे. थंडीत-उन्हात लिटर आकसतो-फुगतो, किलोतली ऊर्जा जवळपास तेवढीच राहते. या वजनाच्या हिशेबात चूक झाली तर काय होते ते २३ जुलै १९८३ रोजी कॅनडात दिसले. तिथेही तेव्हा रत्तलाकडून किलोकडे जाणे चालू होते. एअर कॅनडाच्या नव्या बोइंग ७६७ मध्ये २२,३०० किलो इंधन हवे होते. लिटरांचे वजन काढताना १.७७ हा रत्तलांचा गुणक किलोंचा समजून वापरला गेला. हवे होते ०.८. विमानात निम्म्याहून कमी इंधन पडले आणि हवेतच दोन्ही इंजिने बंद झाली. गिम्ली गावच्या एका जुन्या लष्करी धावपट्टीवर वैमानिकाने ते घसरत उतरवले. कुणाचा जीव गेला नाही, हे केवळ त्याचे कौशल्य. त्याच्या आधीच्या वर्षी, १५ ऑक्टोबर १९८२ ला, अठ्ठ्याहत्तर वर्षांचे जेआरडी पुन्हा एकटे कराचीहून उडून जुहूला उतरले होते. या वेळी भारतात गॅलन उरला नव्हता.

बॉम्बे हायचा वायू समुद्रतळाच्या नळातून उरणला येतो. १९९५ मध्ये महानगर गॅस कंपनी झाली आणि हळूहळू जुहू, अंधेरी, पार्ले, मुलुंडच्या स्वयंपाकघरांत नळाने गॅस आला, रिक्षांत सीएनजी आला. इथे एक विलक्षण प्रकार घडतो. हा वायू आपल्याच समुद्रातला आहे. पण त्याचा दर दिल्लीत ठरतो तो डॉलरमध्ये, आणि दर दशलक्ष बीटीयूला. २०२३ च्या एप्रिलमध्ये नवे सूत्र आले तेव्हा त्याची मर्यादा खाली ४ आणि वर साडेसहा डॉलर ठेवली गेली, पुढे वरची हद्द थोडी वाढली. म्हणजे एक रत्तल पाणी एक फॅरनहाइट अंशाने तापवणारे, खुद्द इंग्लंडनेही बरेचसे टाकून दिलेले माप आपल्या गॅसच्या किमतीच्या मुळाशी आहे. तोच गॅस घरी येतो तेव्हा बिलावर एससीएम म्हणजे प्रमाण घनमीटर असतो, आणि रिक्षात भरतो तेव्हा किलो होतो. डॉलर-बीटीयूची बातमी, घनमीटरचे बिल, किलोचा पंप. एकाच वायूची तीन मापे आणि सामान्य माणसाला त्यातले नाते कुणी सांगत नाही. ही मला उणीव वाटते, आणि ती दूर करणे सरकारला काहीच कठीण नाही: शेराला १९६२ मध्ये निरोप देणाऱ्या देशाने आपल्याच वायूचा दर मेगाज्यूलमागे रुपयांत जाहीर करावा.

तोवर हिशेब आपला आपणच करायला हवा. दशलक्ष बीटीयू म्हणजे २ लाख ५२ हजार किलोकॅलरी. एका घनमीटर वायूत साधारण १०,००० किलोकॅलरी धरतात, म्हणून दशलक्ष बीटीयूचे होतात २५.२ घनमीटर. साडेसहा डॉलरला २५.२ ने भागले की घनमीटरमागे सुमारे २६ सेंट, बाकीची वाढ वाहतुकीची, वितरणाची आणि करांची. आणि त्याच घनमीटरचे विजेच्या मापात ११.६ युनिट होतात. चौदा किलो दोनशे ग्रॅमच्या सिलिंडरचे होतात १८० च्या आसपास, अहमदाबादच्या बैलगाडीतल्या त्या डब्याहून थोडे जास्त.

पुढचे गॅसबिल आले की त्यावरच्या घनमीटरांना ११.६ ने गुणा, तो आकडा बिलाच्या कोपऱ्यात पेनाने लिहा, आणि शेजारी विजेचे बिल ठेवा. जुहूचे असाल, पार्ल्याचे किंवा मुलुंडचे, घरात किती ऊर्जा येते आणि तिच्या एका युनिटला कुठे किती पैसे पडतात, हे त्या दोन कागदांवर पाच मिनिटांत दिसेल. मुलांनाही सोबत बसवा.